पाच शेतकऱ्यांचा पत्ता

मी एक जुनी टपालपेटी आहे. नेब्रास्कातल्या प्लम फोर्क काउंटीत, खडीच्या रस्त्याच्या कडेला, सोयाबीनच्या शेताच्या तोंडाशी माझा मुक्काम आहे. माझ्यावरून दोनदा बर्फ काढणारं यंत्र गेलं आहे. एकदा पोरांनी चालत्या गाडीतून मला बेसबॉलची बॅट घातली, तेव्हापासून माझं झाकण हसल्यासारखं वाकडं आहे. मी हसत नाही, मित्रांनो. मी रागावलेली आहे. पण पत्र्याला एकच चेहरा असतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्याविषयी सांगण्यासारखं काही नाही, कारण तो फार लवकर उरकला. बालपण गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलं. एका बाजूला उंदरांचे सापळे, दुसऱ्या बाजूला कमोडच्या सीटा, असा शेजार. एमिल स्काला नावाचा शेतकरी खरं तर सीट घ्यायला आला होता. ती त्याला महाग वाटली, म्हणून मला घेऊन गेला. माझ्या आयुष्यातला हा पहिला सन्मान.

एमिलने मला खांबावर ठोकलं नाही. जुन्या नांगराची लोखंडी दांडी बिजागरीवर बसवली आणि तिच्या टोकाला मला लावलं. धक्का लागला की मी दारासारखी बाजूला फिरायची आणि धक्का गेला की परत जागेवर. शेताच्या तोंडाशी पेटी असेल तर आमच्याकडे ती अशीच बसवतात. हार्वेस्टर दर काही वर्षांनी रुंद होत जातात, शेतांची तोंडं तेवढीच राहतात. आमच्या शेतात शिरताना एका बाजूला मोरीचा लोखंडी कठडा आणि दुसऱ्या बाजूला मी. दोघांपैकी एकाला हलावंच लागतं, आणि कठडा सरकारी आहे.

एमिल थकला, गावात राहायला गेला, आणि जमीन व घर त्याने लिबी हायेक आणि तिच्या नवऱ्याला खंडाने दिलं. करार हात मिळवून झाला. पुढे लिबीचा नवरा वारला. ती एकटीच कसत राहिली. त्या वर्षांत मी भरून वाहत होते. बियाण्यांचे कॅटलॉग, चर्चचं पत्रक, मामेबहिणीची लग्नपत्रिका. ऑगस्टमध्ये शेजारी माझ्यात झुकिनी कोंबून पळून जायचे, कारण ही काकडीसारखी भाजी ऑगस्टमध्ये आमच्याकडे प्रत्येक परसात उतू जाते आणि कुणालाच नको असते. आणि वर्षातून एकदा सरकारचं लांबट पाकीट यायचं. भाव कोसळले, गारा पडल्या की सरकार शेतकऱ्याला हात देतं, ते अनुदान. ते आलं की लिबी माझ्या डोक्यावर थाप मारायची. मला वाटायचं, मीच दिलं.

मग अनुदान परस्पर बँकेत जाऊ लागलं आणि थाप बंद झाली. मी निषेध म्हणून थोडी गंजले. कुणी दखल घेतली नाही.

एमिल गेला तेव्हा त्याचा नातू ब्रेंट फिनिक्सहून आला. ब्रेंट लोकांचे वाकडे दात सरळ करतो. पहिल्या भेटीत तो माझ्या झाकणाकडे बराच वेळ बघत होता. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सगळे हॅम सँडविच आणि कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, खात बसले, आणि खाता खाता स्काला कुटुंब शेतकरी झालं.

हे कसं होतं ते समजून घ्या, मित्रांनो, कारण मला समजायला एक हिवाळा लागला. अनुदान शेती करणाऱ्याला मिळतं, आणि एका शेतकऱ्याला ठरावीक मर्यादेपर्यंतच मिळतं. पण शेती करणं म्हणजे फक्त राबणं नव्हे. शेतीचे निर्णय घेणं म्हणजेही शेती करणं. निर्णय फोनवरून घेता येतात. आणि जितकी माणसं निर्णय घेतील तितके शेतकरी, तितक्या मर्यादा. म्हणून ब्रेंट शेतकरी झाला. त्याची बायको पेज झाली. त्याची बहीण मार्ला झाली, ती शिकागोला पडदे विकते. त्याची मुलगी केली झाली, ती कॅलिफोर्नियात शिकते आणि तिला गवताची ॲलर्जी आहे. या सगळ्यांची मिळून एक कंपनी झाली, आणि सगळ्यांना शेतावरचा पत्ता हवा होता. ब्रेंटने माझ्या अंगावर रंगाने पाच नावं लिहिली. सर्वांत वर एमिलचं लिहिलं. मला वाटलं, पोरगा भावनाशील आहे.

लिबी अंगण ओलांडून आली आणि माझ्या पोटावरची नावं वाचत उभी राहिली.

"तुम्हाला काही बदलल्यासारखं वाटणारच नाही, लिबी," ब्रेंट म्हणाला. "पेरणी तुम्हीच करायची, फवारणी तुम्हीच, कापणी तुम्हीच. फक्त शेतकरी आम्ही."

"आणि मी कोण?"

"तुम्ही चालक. एकराप्रमाणे मजुरी."

"आणि घर?"

घराचं त्याने जरा घोळवून सांगितलं. एक हंगाम बघायचा, म्हणाला. सगळं सुरळीत बसलं तर पुढच्या मार्चपासून मोठी यंत्रं असलेला कंत्राटदार आणायचा विचार आहे, आणि घर शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने देता येईल. फिनिक्समध्ये अशा घरांना मागणी आहे. लिबीने विचारलं, आणि सुरळीत नाही बसलं तर? ब्रेंट हसला. अनुदान नसेल तर मला या शेताचं काय करायचंय, म्हणाला, मग तुम्हीच घ्या पूर्वीसारखं खंडाने.

लिबीने ते वाक्य नीट लक्षात ठेवलं. मीही ठेवलं.

ती त्या हंगामात चालक झाली, कारण दुसरीकडे जायला तिच्याकडे जागा नव्हती. पण पेरणीच्या आधीच तिने कमिटीकडे तक्रार केली. आमच्या काउंटीत कोण शेतकरी आणि कोण नाही हे तीन शेतकऱ्यांची कमिटी ठरवते, आणि त्या तिघांना बाकीचे शेतकरी मतं देऊन निवडतात. कमिटीने तक्रार वाचली, पसंत केली आणि बाजूला ठेवली. पेरणी झाली, फुलोरा आला, शेंगा भरल्या. तेवढ्या काळात खत-बियाण्यांच्या कंपन्यांकडून पाच शेतकऱ्यांच्या नावाने माझ्यात पाच टोप्या आल्या, पाच जाकिटं आली. केलीला तणनाशकांच्या चर्चासत्रात भाषण करायचं आमंत्रण आलं. कुणी न्यायला आलं नाही. त्यातली एक टोपी लिबीच्या कुत्र्याने नेली, आणि माझ्या मते ती योग्य हाती पडली.

कमिटीचा अध्यक्ष ऑर्व्हिल तेसार हा लिबीचा शेजारी. मका पिकवतो, डुकरं पाळतो. सप्टेंबरात एका दुपारी तो समोरून आला आणि लिबी शेतातून निघाली. आमच्याकडे अशा वेळी दोन्ही पिकअप रस्त्याच्या मधोमध खिडकीला खिडकी लावून थांबतात, आणि मागून कुणी आलं तर तोही थांबतो. ते दोघे माझ्याशेजारीच थांबले.

ऑर्व्हिलने आधी पावसाचं विचारलं, मग कुत्र्याचं. मग स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "अगं, त्यांना काढलं तर उद्या लोक माझ्या जावयाकडे बोट दाखवतील."

त्याचा जावई विमान चालवतो. कागदावर तो ऑर्व्हिलचा मकाही चालवतो.

"दाखवू देत," लिबी म्हणाली. "तो खाली असतो कुठे बोट लागायला?"

"तू आमच्यावर रागावू नकोस, लिबी."

"मी रागावलेली नाही. मी तक्रार केलीये. रागावले की तुला वेगळं सांगावं लागणार नाही."

ऑर्व्हिलने मान हलवली आणि सांगितलं की कमिटी कापणीच्या दिवशी शेतावर येऊन बघेल, स्काला मंडळी खरंच निर्णय घेतात का. निर्णय घेताना दिसले तर ते शेतकरी. मग त्याच्या हातात काही नाही.

म्हणजे, मित्रांनो, हिशोब असा होता. ते पाच जण शेतकरी ठरले तर लिबीने मार्चमध्ये घर आणि शेत सोडायचं. नाही ठरले तर शेत तिचं. मला कुणी विचारलं असतं तर मी पाच मिनिटांत सांगितलं असतं. पण साक्षीदार म्हणून टपालपेटीला कुणी बोलावत नाही.

कमिटी येणार म्हणून ब्रेंट आठवडाभर आधी आला. त्याने मला दांडीवरून उतरवलं. गावातून गवंडी बोलावला आणि माझ्या जागी विटांचा खांब बांधायला लावला. छातीएवढा उंच, फ्रिजएवढा जाड, आत नवी कोरी पेटी, आणि पुढे पितळेची पाटी: स्काला फार्म्स, खाली पाच नावं. फिनिक्समध्ये दारात असे खांब असतात म्हणे. तिथे दारातून हार्वेस्टर जात नसावेत. विटांची पहिली रांग लागत होती तेव्हा लिबी म्हणाली होती, ब्रेंट, इथे नको, आत घे, इथे अडेल. ब्रेंट म्हणाला, आत घेतला तर दिसणार कसा?

मी चरात, रानटी सूर्यफुलांमध्ये उताणी पडले होते. लिबीने मला उचललं, आतली माती झटकली आणि हार्वेस्टरच्या केबिनमध्ये तिच्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवलं. त्यामुळे पुढचा सगळा प्रकार मी उंचावरून पाहिला. आयुष्यभर मी लोकांच्या कमरेच्या पातळीवरून जग बघितलं होतं. वरून माणसं बरी दिसत नाहीत, पण टोप्या छान दिसतात.

कापणीच्या दिवशी पश्चिमेला ढग चढत होते. वाळलेल्या शेंगांवर पाऊस पडला की त्या फुटतात आणि दाणे जमिनीवर सांडतात, त्यामुळे सगळी काउंटी घाईत होती. कमिटीचे तिघं रस्त्याच्या कडेला उभे होते: ऑर्व्हिल, आर्लीन कुचेरा आणि ड्वेन पोस्पिशिल. त्यांच्यासमोर ब्रेंट, नव्या बुटांत. लिबी वरच्या शेतातून रस्त्याने आली, पुढे पस्तीस फुटांचं कापणीचं तोंड. खांबापाशी आली, थांबली, आणि इंजिन बंद केलं.

आमच्या रस्त्यावर कापणीच्या दिवसांत इतकी शांतता मी पूर्वी ऐकलेली नव्हती.

"काय झालं?" ब्रेंटने विचारलं.

"काही नाही. आत जायला जागा नाही."

"मग आता?"

"आता तुम्ही ठरवायचं. मी चालक आहे."

तिने शांतपणे त्याला मार्ग सांगितले. साखळी लावून खांब ओढून पाडता येईल. किंवा पुढचं तोंड सोडवायचं, गाडीवर लांबीच्या दिशेने ठेवून आत न्यायचं आणि परत जोडायचं, पण तोवर पाऊस येईल. किंवा ऑर्व्हिलच्या उभ्या मक्यातून वळसा घालायचा, ऑर्व्हिल देत असेल तर. ऑर्व्हिल म्हणाला, देतो, पैसे घेऊन. लिबी म्हणाली, सांगाल ते करते, मला सगळं सारखंच. आणि तिने डबा उघडून कोलाचे काढला.

ब्रेंट म्हणाला की कंपनीचा नियम आहे, निर्णय एकट्याने घ्यायचा नाही, व्यवस्थापकांचं बहुमत लागतं. ड्वेनने कौतुकाने मान डोलावली. ब्रेंटने फोन पिकअपच्या बोनेटवर ठेवला आणि आवाज मोठा केला. एव्हाना हार्वेस्टरमागे एक धान्याचा ट्रक थांबला होता. मग दुसरा. मग जनावरांचा डॉक्टर. मग शाळेची बस. मग टपालवाली, जिच्याकडे पाच शेतकऱ्यांसाठी खतांची पाच कॅलेंडरं होती आणि जी खांबापर्यंत पोचू शकत नव्हती. लोक उतरून पुढे येऊन उभे राहिले. कुणी हॉर्न वाजवला नाही. आमच्याकडे हॉर्न फक्त लग्नात वाजवतात.

पेज म्हणाली, खांब अजिबात पाडायचा नाही, त्याला किती खर्च आलाय माहीत आहे ना. मार्ला कुठल्याशा व्यायामाच्या वर्गात होती, धापा टाकत म्हणाली की पाडा, मी संगमरवराचा सांगितला होता. केलीने विचारलं, मक्यात पक्ष्यांची घरटी असतात का. असतील, असं कळल्यावर तिने मक्यातून जाण्याला कडक विरोध केला. मक्याचा मार्ग कुणी निवडलेलाच नाही, असं सांगितल्यावर तिने खांब पाडण्याच्या बाजूने मत दिलं आणि तिचा तास सुरू झाला म्हणून ती गेली. ब्रेंट पेजच्या बाजूने. दोन विरुद्ध दोन.

"हे बघा, व्यवस्थापन चालू आहे," ड्वेन आर्लीनला म्हणाला. तो गंभीर होता.

आर्लीनने ढगाकडे बघितलं. "बरोबरीत सुटलं की तुमच्यात काय करतात?"

"अध्यक्षांचं मत निर्णायक," ब्रेंट म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला वाटलं असावं की म्हणायला नको होतं.

"मग विचार की अध्यक्षांना."

ब्रेंटने बोनेटवरचा फोन उचलून खिशात घातला.

"अध्यक्ष कोण?" ऑर्व्हिलने विचारलं.

ब्रेंटने पितळी पाटीवरच्या पहिल्या नावाकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. बसमधल्या पोरांनीही काचेला नाक लावून बघितलं.

ऑर्व्हिलने टोपी काढली. "एमिल?"

"कागदोपत्री. जमिनीच्या कागदांवरचं नाव बदलायचं राहून गेलं."

"एमिलला मी खांदा दिलाय, ब्रेंट. पुढून उजवीकडे मीच होतो."

"हो, पण कंपनीच्या दृष्टीने..."

"आणि त्याच्या वाटचं अनुदान?"

त्याचाही अर्ज बाकीच्यांबरोबर व्यवस्थित भरलाय, असं ब्रेंट म्हणाला. ड्वेनने त्याला मदत करायचा प्रयत्न केला. एमिल जिवंत असतानासुद्धा फोन उचलायचा नाही, म्हणाला. कुणी हसलं नाही. धान्याच्या ट्रकचा चालक थोडासा हसला, पण तो शेजारच्या काउंटीतला होता.

ऑर्व्हिलने केबिनकडे मान वर केली. "लिबी, पाऊस आलाय. घे ना आत कसंतरी. कमिटी काय ते नंतर बसून बघेल."

लिबीने बोटांवरची साखर पुसली. ती खाली उतरली नाही. "वसंतापासून तुम्ही बसूनच बघताय, ऑर्व्हिल. आज उभे आहात तर आज सांगा. हे शेत कोण करतं?"

"अगं, इथे रस्त्यात?"

"शेत इथेच आहे."

ऑर्व्हिलने मागे वळून पाहिलं. त्याला मतं देणारी निम्मी काउंटी त्या रांगेत हाताची घडी घालून उभी होती. त्यांच्यातही कुणाचा मेहुणा डेन्व्हरमध्ये शेती करत होता, कुणाची सून बोटीवर. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. ऑर्व्हिलने टोपी घातली, परत काढली.

"माझं मत," तो म्हणाला, "हे पाच जण शेतकरी नाहीत." मग घसा साफ केला. "आणि माझा जावईही नाही. लिहून घे, आर्लीन. तेही लिहून घे."

आर्लीन म्हणाली, माझंही तेच. ड्वेनने विरोधात मत दिलं, कारण त्याच्या तीन भाच्या सिॲटलमध्ये त्याचा ज्वारीचा तुकडा सांभाळतात. दोन विरुद्ध एक.

ब्रेंट लाल झाला. तो म्हणाला की मी वर दाद मागणार, वकील लावणार, तुम्ही तिघं म्हणजे देव नाही. ऑर्व्हिल म्हणाला, नाही, आम्ही तर दातांचे डॉक्टरसुद्धा नाही. मग लिबी पहिल्यांदाच खाली उतरली आणि ब्रेंटसमोर येऊन उभी राहिली.

"तू म्हणाला होतास, अनुदान नसेल तर शेत मीच घ्यावं."

"वरचं उत्तर येईपर्यंत काही ठरलेलं नाही."

"आणि तोवर?"

"तोवर काय हवं ते करा," ब्रेंट म्हणाला आणि गाडीचं दार उघडलं.

"हा तुझा पहिला निर्णय," लिबी म्हणाली. "मी तो पाळते."

तिने साखळी काढली. एक टोक खांबाला गुंडाळलं, दुसरं ऑर्व्हिलच्या पिकअपच्या आकड्यात अडकवलं. कमिटीच्या अध्यक्षाने गाडी पुढे घेतली. खांब आधी वाकला, मग विचार केल्यासारखा थांबला, मग सगळा एकदम चरात गेला. शाळेच्या बसमध्ये टाळ्या झाल्या. पोरांना कारण माहीत नव्हतं. पण काहीतरी मोठं पडलं की पोरं टाळ्या वाजवतात, आणि ती क्वचितच चुकतात. पावसाचे थेंब पडू लागले तेव्हा शेताचा तीन चतुर्थांश भाग कापून झाला होता. उरलेला भिजला.

आता मी परत दांडीवर आहे. ब्रेंटने लिहिलेली नावं लिबीने खरवडली, खाली थोडा गंज निघाला. ब्रेंटने खरोखर वर दाद मागितली आहे. वरच्या कचेरीत वरची माणसं आहेत आणि त्यांचेही जावई असतील. उत्तर कुठल्या बाजूने येईल मला माहीत नाही. पण ते माझ्यातच येणार, आणि त्या दिवशी मी माझं झाकण शक्य तितकं घट्ट धरणार आहे. पत्र्याला आणखी काय करता येतं?

मित्रांनो, तुमच्या गावात कुणाच्या नावावर कोण शेती करतं हे मला ठाऊक नाही. पण रस्त्याने जाता-येता बघत जा. पेटीवर ज्याचं नाव आहे त्याला कधी पेटी उघडताना पाहिलंय का? नसेल पाहिलं, तर विचारा. चारचौघांत विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत जागेवरून हलू नका. आम्हा जुन्या वस्तूंना तुमच्याकडून रंग नको असतो, फुलांची माळ नको असते. आमच्यासमोर काय घडलं ते घडलंच नाही असं कुणी म्हणू नये, एवढीच काळजी घ्या.

लिबीने वरच्या उत्तराची वाट पाहिली नाही. सोयाबीन निघालं त्याच जागी तिने हिवाळी गहू पेरला, स्वतःच्या बियाण्याने, अनुदान येईल की नाही हे ठाऊक नसताना. ऑर्व्हिलने विचारलं, निकाल उलटा लागला तर? ती म्हणाली, तर त्यांनी यावं आणि उपटावा. गहू आता बोटभर वर आला आहे. अजून कुणी आलेलं नाही. फोनवरून गहू उपटता येत नाही.